काळ्या रानात पुरलेलं हाड: कुजतं, टिकतं की जीवाश्म होतं?

रानवाट

सोलापूरच्या आसपास दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. एक, काळ्या रानात जित्राब पुरलं की दोन-तीन वर्षांत हाडूकसुद्धा उरत नाही. दुसरी, भीमेच्या नाहीतर सीनेच्या काठाची दरड कोसळली की पांढरी 'हाडं' उघडी पडतात आणि ती हजारो वर्षांची असतात. माती तीच, खोरं तेच. मग एकीकडे म्हैस गायब होते आणि दुसरीकडे हजारो वर्षं हाड टिकतं, हे कसं?

पुस्तकातली 'प्राणी मेला, गाळाखाली गेला, दगड झाला' ही तीन वाक्यं सगळ्यांनाच पाठ आहेत. इथे त्यांच्या मधलं सगळं हवं आहे. उघड्यावर काय होतं, मातीत काय होतं, पाण्यात काय होतं आणि काठावर सापडलेली वस्तू हाड आहे की नाही हे कसं ओळखायचं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

गोमाशी

उघड्यावरचं सांगतो, कारण बहुतेक सगळा निकाल तिथेच लागतो.

श्वास थांबला की पहिल्यांदा पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी फुटायला लागतात. त्याला जंतू लागत नाहीत. उन्हाळ्यात अंग ताठरणं तास-दोन तासांत सुरू होतं आणि बहुधा दिवसाभरात सुटतं. मग आतड्यातले ऑक्सिजनविना जगणारे जंतू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि पोट फुगतं. गाई-म्हशींच्या कोठीपोटात आंबवण चालूच असतं, त्यामुळे त्यांचं मढं शेळी-कुत्र्याच्या मढ्यापेक्षा खूप आधी फुगतं. काही तासांत पाय वर झालेले दिसतात ते यामुळे. त्यावरून 'विषबाधा झाली' असा निष्कर्ष काढू नये.

माश्या त्याच्याही आधी हजर. हिरव्या-निळ्या चकचकीत क्रायसोमिया माश्या डोळे, नाकपुड्या, तोंड, जखमा अशा ओल्या जागा बघून अंडी घालतात. ३० अंशांच्या आसपास ती १२ ते १८ तासांत फुटतात, ४-५ दिवस अळी, पुढे ४-५ दिवस कोष. म्हणजे नऊ-दहा दिवसांत पुढची पिढी उडते. हजारो अळ्या एकत्र वळवळतात तेव्हा त्या गोळ्याचं तापमान हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त भरतं. हात जवळ नेला तरी ऊब लागते.

किती दिवसांत सांगाडा उरेल याचा एक ढोबळ हिशेब आहे. १२८५ ला सरासरी दैनंदिन तापमानाने भागायचं. मे महिन्यात दिवस-रात्र मिळून सरासरी ३३ धरली तर ३९ दिवस, डिसेंबरात २२ धरली तर ५८. हे सूत्र अमेरिकेतल्या टेनेसीच्या दमट हवेतल्या मानवी देहांवरून आलंय. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात ते सपशेल आपटतं, कारण कातडं कुजण्याआधीच वाळतं. बाहेरून चामड्याचा कडक डबा, आत पोकळ, असं मढं माळावर महिनोन्महिने पडून राहतं. त्यात मग डर्मेस्टिड जातीचे छोटे भुंगे शिरतात आणि वाळलेलं कातडं, स्नायूबंध कुरतडतात. पावसाळा लागला की ते कातडं भिजून पुन्हा कुजायला लागतं.

जाता जाता: मढ्यातला द्रव जिथे जिरतो तिथलं गवत अमोनिया आणि क्षारांनी आधी जळतं. एक-दोन पावसाळ्यांनी बरोबर तिथेच गर्द हिरवा ठिपका उठतो. हाडं गेली तरी जागा ओळखता येते.

शाबादी फरशी

गिधाडं राहिलीच की ओ.

गोमाशी

राहिली नाहीत, म्हणूनच राहिली :) पण मुद्दा रास्त आहे. गिधाडांचा थवा मोठं जनावर काही तासांत साफ करायचा आणि हाडं बरीचशी शाबूत, जागच्या जागी सोडायचा. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शेकडा ९९ पेक्षा जास्त कमी झाली होती. आता ते काम कुत्री करतात. कुत्रं हाडाची मऊ टोकं चघळतं, लांब हाड दोन्हीकडून उघडं पडून नळी उरते आणि ती वाहून नेली जाते. जीवाश्माच्या दृष्टीने हा बदल फार वाईट. सांगाडा एकत्र राहण्याची शक्यताच संपली.

चुनखडी

उघड्यावरच्या हाडाचं पुढे काय होतं तेही नोंदवतो. आफ्रिकेत केनियातल्या अंबोसेली भागात मेलेल्या जनावरांच्या हाडांवरून बेरेन्समायर या संशोधकांनी १९७८ मध्ये ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या. शून्य म्हणजे ताजं, तेलकट हाड. एक म्हणजे लांबीच्या दिशेने बारीक चिरा. दोन, पापुद्रे सुटणं. तीन, पृष्ठभाग तंतूतंतू दिसणं. चार, ढलप्या. पाच, हात लावला की भुगा. मोठ्या जनावराचं हाड पाचव्या पायरीवर साधारण ६ ते १५ वर्षांत येतं. म्हणजे 'दोन-तीन वर्षांत हाडूक उरत नाही' हे उघड्यावरच्या म्हशीच्या मांडीच्या हाडाला लागू नाही. ते हाड कुत्र्याने नेलेलं असतं. कोंबडी, ससा, लहान करडू यांच्या बाबतीत मात्र ते खरं आहे.

आता काळी माती. मला वाटतं रानवाट यांच्या कोड्याचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज असतं, कॅल्शियम-फॉस्फेटचं. बाकी बहुतेक कोलॅजेन नावाचं प्रथिन आणि थोडं पाणी. स्लॅबमध्ये काँक्रीट आणि सळई असते तशी ही जोडी आहे. खनिज दाब सोसतं, कोलॅजेन ताण सोसतं.

खनिजाचा शत्रू आम्ल. मातीचा सामू (पीएच) ७ च्या खाली गेला की हाड झपाट्याने विरघळतं. कोकणातल्या जांभ्या मातीत ते होतं. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५, शिवाय चुनखडी भरपूर. म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने सोलापूरची माती हाडाला मानवणारी आहे! कोलॅजेनचं मात्र उलटं. उष्ण, ओलसर-कोरड्या, अल्कधर्मी मातीत ते लवकर तुटतं. खनिजाचं काँक्रीट शाबूत, सळई गेलेली, अशी अवस्था येते.

आणि नेमक्या अशा ठिसूळ हाडाला काळी माती भरडते. तिच्यातली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये खोल रानात हातभर, कधी कंबरभर खोल भेगा पडतात. पहिल्या पावसात वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, मग सगळं फुगतं, आता जागा पुरत नाही म्हणून ढेकळं एकमेकांवर घासत वर सरकतात. विहीर खोदताना ढेकळाच्या बाजूला जी तुळतुळीत, चोळल्यासारखी चकाकी दिसते ती या घासण्याची. ही चक्की दर वर्षी एकदा फिरते. त्यात मधोमध सापडलेली बरगडी किती वर्षं टिकणार?

थोडक्यात, इथे हाड विरघळत नाही, दळलं जातं.

रानवाट

हे फारच पटलं. म्हणजे जुनं हाड शोधायचं तर भेगांच्या खाली शोधायला हवं?

चुनखडी

बरोबर. भेगा पोचतात त्याच्या खाली, साधारण दीड-दोन मीटरनंतर, माती वर्षभर थोडी ओली राहते आणि हालत नाही. तिथे चुनखडीचे खडे जमतात. त्या थरातल्या हाडावर चुन्याचं कवच बसतं आणि पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे चुन्याचे स्फटिक, भरतं. जीवाश्म होण्याची सुरुवात तीच.

पण याच्यात एक मेख आहे. भेगांतून गेल्या वर्षीच्या शेळीचं हाड थेट मीटरभर खाली जाऊन पडतं आणि पावसात भेग मिटते. खालचे मोठे दगड मात्र वर्षानुवर्षं वर येत राहतात, दर नांगरटीला नवे दगड निघतात ते त्यामुळे. म्हणून काळ्या रानात 'खोल सापडलं म्हणजे जुनं' हा नियम चालत नाही. हलत्या थरात सापडलेल्या वस्तूच्या खोलीवरून वय सांगणं म्हणजे पत्त्यांचा कॅट पिसल्यावर वरचं पान आधीचं म्हणण्यासारखं आहे.

बांध_बंदिस्ती

जनावर पुरताना चुना टाकतात आणि मीठही टाकतात. दोन्हीचा परिणाम काय? लवकर कुजावं म्हणून चुना, असं सर्रास सांगितलं जातं.

गोमाशी

उलटं आहे. डुकरांच्या मढ्यांवर पद्धतशीर प्रयोग झालेत. चुन्याने कुजणं मंदावतं. चुना ओलावा शोषतो, भोवती कडक कवच करतो, जंतूंना नको इतका सामू वाढवतो. वास कमी येतो म्हणून 'काम झालं' असं वाटतं. मिठाचंही तसंच: मिठाने पाणी ओढून घेतलं की बहुतेक जंतू थांबतात. फक्त मूठभर मिठाने मोठ्या देहाला काही फरक पडत नाही, खारवायचं तर कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तरी लागतं. कातडी कमावणाऱ्यांना हे प्रमाण विचारा.

लवकर कुजवायचं असेल तर उथळ, भुसभुशीत माती, हवा आणि मध्यम ओल हवी. जुना ठोकताळा असा आहे की हवेत एका आठवड्यात जेवढं कुजतं तेवढं पाण्यात दोन आणि जमिनीखाली आठ आठवड्यांत. पण उथळ पुरलं की कुत्री उकरतात, म्हणून जनावराला चार ते सहा फूट खड्डा सांगितला जातो. विहीर, ओढा यांपासून लांब.

एक अपवाद ठळक अक्षरात समजा. जनावर धडधाकट असताना अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा मागून काळपट न गोठणारं रक्त येतंय, तर ते कापू नका, कातडं सोलू नका. आपल्याकडे काळपुळी किंवा फाशी म्हणतात तो अँथ्रॅक्स असू शकतो. उघडं पडल्यावर जंतू बीजाणू करतात आणि ते मातीत दशकानुदशकं राहतात. अशा जनावरावर चुना टाकू नये असंच सांगितलं जातं, कारण कॅल्शियम बीजाणूंच्या पथ्यावर पडतं. पशुवैद्यक अधिकाऱ्याला कळवा, बाकी काही करू नका.

उजनीकाठ

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मासा मेला की बुडतो, पण उबदार पाण्यात पोटात वायू भरून दोन-तीन दिवसांत वर येतो. तरंगत कुजतो. डोकं, खवले, कल्ल्यांची हाडं एकेक करून सुटतात आणि तळाशी वेगवेगळ्या जागी पडतात. पाणी साधारण १६ अंशांहून थंड असेल किंवा खोली इतकी असेल की दाबाने वायू फुगूच शकत नाही, तरच मासा तळाशी अखंड राहतो. म्हणून संग्रहालयात दगडावर काढलेल्या चित्रासारखा अखंड मासा दिसला की समजायचं, थंड किंवा खोल पाणी, नाहीतर झटकन गाळाखाली गेलेला.

उजनीच्या पाण्यात हे थंडीचं गणित जमत नाही. चिलापी मेली की तरंगणार, पक्षी उचलणार, उरलेली काठाला लागणार. धरणाच्या तळाशी मात्र १९८० पासून भीमेचा बारीक गाळ साचतोय आणि खोल भागात ऑक्सिजन कमी असतो. कुजवणारे आणि उकरणारे दोघेही तिथे कमी. सुटी हाडं, खवले, शिंपले, परागकण यांचे जीवाश्म जिल्ह्यात आज कुठे तयार होण्याची शक्यता असेल तर ती त्या गाळात. अखंड सांगाडे नाहीत.

ओल्या, हवाबंद जागी आणखी एक प्रकार होतो. चरबीचं साबणासारखं मेणचट पांढरं द्रव्य बनतं आणि शरीराचा आकार टिकतो. जुन्या पाणथळ विहिरीत पडलेल्या जनावरात दिसतं. ते जीवाश्म नव्हे, पण कुजणं तिथे बरीच वर्षं अडून राहतं.

नदीचं पाणी हाडं निवडतं, हेही लक्षात ठेवा. पाण्याच्या हौदात हाडं सोडून १९६९ मध्ये वूरहीस या संशोधकांनी गट पाडले होते. बरगड्या, मणके, छातीचं हाड हलक्या प्रवाहातही वाहतात. पायाची लांब हाडं नंतर. कवटी आणि खालचा जबडा सगळ्यात शेवटी, बहुधा जागीच. नदीच्या वाळूत नुसते जबडे सापडतात तेव्हा 'बाकीचं कुणीतरी नेलं' नाही, ते पुढे कुठेतरी वाहून पडलंय.

शाबादी फरशी

आता माझ्या आवडीचा विषय, खोटे जीवाश्म. भीमा-सीनेच्या दरडीतली पांढरी 'हाडं' दहांत नऊ वेळा हाडं नसतात.

त्या चुन्याच्या नळ्या असतात. झाडाचं मूळ मातीत असतं, त्याच्याभोवती चुना जमतो, मूळ कुजून जातं आणि नळी उरते. जाडीने करंगळी ते मनगट, रंग पांढरा-पिवळट, लांबून थेट बोटाचं नाहीतर नडगीचं हाड. ओळखायची सोपी खूण: नळी खाली खाली निमुळती होते आणि तिला फांद्या फुटतात. हाडाला फांद्या फुटत नाहीत. आडवी मोडून दहापट भिंगाखाली बघा. मुळाच्या नळीत मध्ये भोक किंवा भरलेला ठिपका आणि भोवती कांद्यासारखी वलयं. हाडाची भिंत बरीचशी एकसारख्या जाडीची, टोकाकडे मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी.

आम्लाची चाचणी सगळे सांगतात, पण अर्धवट. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, चुना असेल तर फसफसून येतो. घरातल्या व्हिनेगरने करायची तर टोकदार वस्तूने खरवडून भुकटीवर टाका, अखंड दगडावर फेस दिसतच नाही. पण जुन्या हाडाच्या छिद्रांतही चुना भरलेला असतो, तोही फसफसतो! म्हणून फेसावर निकाल देऊ नका. छोटा तुकडा आम्लात रात्रभर ठेवा. नळी विरघळून तळाशी चिखल उरेल. हाडाचं खनिजही आम्लात हळूहळू जातं, पण पहिल्या काही तासांत त्याचा आकार आणि जाळी टिकून दिसते.

खरंच हाड निघालं तर जुनं की कालचं? लालबुंद तापवलेली सुई टेकवा. केस जळल्याचा वास आला म्हणजे कोलॅजेन शिल्लक आहे, हाड अलीकडचं. वास नाही, वजन जास्त, बोटाने टिचकी मारली तर चिनी मातीसारखा आवाज, तर पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे. जिभेला लावून बघायची चाचणी खूप लोक सांगतात. मोरीत धुतलेलं असलं तरी नको. शिवाय चुनखडीही जिभेला चिकटते, मग उपयोग काय?

दुसरा नमुना आपल्या पायाखाली असतो. माझं नावच त्यावरून. शहाबादी दगडाच्या थरावर कधी कधी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. ते पान नाही. दगडाच्या फटीत शिरलेल्या पाण्यातलं मँगनीज तसं फांद्या फुटत साकळतं. मधली शीर नसते, जाडी नसते, नक्षी फटीच्या काठापासूनच सुरू होते. त्यात हा चुनखडक कॅम्ब्रियनपूर्व काळातला, जमिनीवर पानाची झाडं यायला तेव्हा अजून प्रचंड अवकाश होता.

तिसरा, 'डायनासोरची अंडी'. मुरमात गोल धोंडे, वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. काळा पाषाण सांध्यांतून झिजताना कोपरे आधी जातात आणि मध्ये गोटा उरतो. बस, एवढंच. गंमत म्हणजे याच्या उलटंही झालंय. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या जे गोल दगड कुलदैवत म्हणून पूजत होते, ते २०२३ मध्ये खरोखर डायनासोरची अंडी निघाले.

भुईमूग

मग आपल्या काळ्या पाषाणात जीवाश्म शोधणं व्यर्थ का? विदर्भात तर सापडतात.

चुनखडी

पाषाण तोच, परिस्थिती वेगळी. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, बाहेर पडताना ११०० अंशांच्या वर. त्याखाली सापडलेलं बहुतेक काही उरत नाही. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ गेला आणि तिथे तळं साचलं, तर त्या तळ्याच्या गाळात जीवाश्म होतात. असे थर दख्खनच्या पूर्व कडेला जास्त: नागपूरजवळचं टाकळी, छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलां. तिथे लाव्ह्यातून झिरपलेल्या सिलिकाने फळं, बिया, खोडं अशी भिजवली की पेशींच्या भिंतीसकट गारगोटी झाली. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीही आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरकडचे गोळा केले होते, पुढे बिरबल साहनींनी या वनस्पतींवर मोठं काम केलं.

आपल्याकडे लाव्ह्याच्या थरांमध्ये तळ्याऐवजी बऱ्याचदा लाल गेरूसारखा पट्टा दिसतो. ती त्या काळची माती आहे, हवेत गंजलेली आणि वरच्या लाव्ह्याने भाजलेली. हवेशीर, लाल माती म्हणजे सेंद्रिय सगळं जळून किंवा कुजून गेलेलं. विहीर खोदताना तो पट्टा लागला तर त्यात पानं शोधत बसू नका. पट्ट्याऐवजी राखाडी-हिरवट, पाटीसारखी पातळ सुटणारी चिकणमाती किंवा पांढुरका चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड) लागला तर मात्र थांबून बघा.

महाराष्ट्रात मोठ्या हाडांसाठी चंद्रपूरमधलं पिसदुरा, लाव्ह्याच्या खालच्या थरातलं. तिथली डायनासोरची हाडं आहेतच, पण खरी मजा तिथल्या दगड झालेल्या शेणाची. २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे ठरलं. गवताच्या पेशीत सिलिका असते, ती पोटातून, शेणातून, साडेसहा कोटी वर्षांतून जशीच्या तशी येते. ज्वारीचं पान बोटाला कापतं तीच ही सिलिका. लाकडासाठी गडचिरोलीत सिरोंचाजवळचं वडधम.

आपल्या जिल्ह्याला लागून बोलायचं तर आशा जुन्या नदीगाळात आहे. गोदावरी आणि मांजरेच्या पिवळट जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडा यांची हाडं मिळाली आहेत. तसा चुनखडीयुक्त पिवळट पोयटा आणि त्याखालची घट्ट, चुन्याने जोडलेली वाळू-गोट्यांची पट्टी भीमेच्या काठालाही आहे. काळ्या मातीची चक्की तिथे नाही.

फळा_खडू

शाळेत दाखवता येईल असं काही? 'दगड होतो' एवढं सांगून मुलांचं समाधान होत नाही.

गोमाशी

कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. एक व्हिनेगरमध्ये बुडवा, दोन दिवसांनी व्हिनेगर बदला, पाच ते सात दिवसांनी हाड रबरासारखं वाकेल. खनिज गेलं, कोलॅजेन राहिलं. दुसरं चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर काळं होऊन पांढरं होईपर्यंत भाजा, खिडकी उघडी ठेवा, वास येतो. ते बोटाने चुरडेल. कोलॅजेन गेलं, खनिज राहिलं. काळ्या मातीतल्या हाडाची अवस्था दुसऱ्यासारखी असते, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

खनिज भरणं दाखवायला स्पंज. हाडाच्या आकारात कापा, एप्सम सॉल्टच्या गरम संपृक्त द्रावणात भिजवा आणि वाळूच्या ट्रेमध्ये अर्धा गाडून ठेवा. दोन-तीनदा द्रावण ओतलं, आठवडाभर वाळवलं की कडक होतो. वाळवायची घाई केली तर क्षार बाहेरच्या बाजूला फुलतो आणि आत स्पंज मऊच राहतो. सावलीत वाळवा.

कवटी हवी असेल तर मटणाच्या दुकानातून बोकडाचं डोकं. कातडं, मांस, डोळे, जीभ काढा, मेंदू मागच्या भोकातून पाण्याच्या धारेने. मग झाकणाच्या बादलीत साधं पाणी, उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे. उकळू नका, चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळी पडून सुटत राहते, शिवाय दात तडकतात. पाणी बदलताना एक तृतीयांश जुनं ठेवा, काम करणारे जंतू त्यात आहेत. ओतताना चहाची गाळणी धरा, खालच्या जबड्याचे पुढचे आठ दात एकेक सुटून पडतात. वरचे पुढचे दात शोधत बसू नका, शेळीला ते नसतातच. मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चार-पाच दिवस, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात ६ टक्के मिळतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, २४ ते ४८ तास. कपड्यांचं ब्लीच अजिबात नको, ते कोलॅजेन खातं आणि वर्षभराने कवटीला खडूसारखी पूड सुटते.

हे फक्त बोकड, कोंबडी, माशाचं. नान्नजच्या माळावर काळवीट, लांडगा, मोर यांचं हाड किंवा शिंग पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे, मेलेलं असलं तरी.

रानवाट

शेवटचा प्रश्न. दरडीत खरंच काही दिसलं तर? आणि बघायला कधी जावं?

शाबादी फरशी

ओढून काढू नका. सगळा घोटाळा तिथेच होतो. ओलं हाड मातीतून निघताना अखंड दिसतं, उन्हात अर्ध्या तासात सुकून त्याचे तुकडे होतात. आधी फोटो: एक लांबून, दरड आणि नदी दिसेल असा, एक मोजपट्टी किंवा पेन शेजारी धरून. फोनमधलं ठिकाण, वरच्या काठापासून किती खाली, थर कोणता (काळी माती, पिवळा पोयटा की गोटे) हे लिहा. मग ओल्या गोणपाटाने झाकून सावली करा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. फेविकॉल, वॉर्निश काही लावू नका. हाड मजबूत करायला तज्ज्ञ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेली पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतात, पाच-दहा टक्के पातळ, कारण ती पुन्हा काढता येते. फेविकॉल काढता येत नाही.

जायचं तर पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. काठ नुकताच धुऊन निघालेला असतो, झुडपं वाढलेली नसतात आणि काळ्या मातीच्या भेगा मिटलेल्या असतात. मेमध्ये भेगाळलेली दरड सरळ अंगावर येते. वर लोंबणाऱ्या काठाच्या उंचीइतकं अंतर सोडून उभं राहा, खाली वाकून बघू नका.

रानवाट

धन्यवाद. फोटोंसाठी वेगळा धागा काढतो. पांढऱ्या नळ्यांचे फोटो टाकताना आधी फांद्या फुटल्यात का ते बघून टाका, नाहीतर फरशीवाले चिडतील.